शेवटच्या दहा पट्ट्या

शरयू, पाकीट अजून फोडलेलं नाही. समोर टेबलावर पडलंय. चिकटवलेल्या कडेवर तुझी सही आहे, अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर, म्हणजे मी वाफेवर उघडून पुन्हा चिकटवायची हुशारी केली तर पकडला जाईन. सहा वर्षांत मी तसं एकदाही केलं नाही, तरी तुझा भरवसा नव्हता. नियमही तुझाच. पाकीट रविवारी, चहा झाल्यावर, दोघांनी मिळून फोडायचं. एकट्यानं हात लावायचा नाही. नियम करून तू निघून गेलीस आणि पाळायला मला मागे ठेवलंस. लहानपणी लपाछपीतसुद्धा तू हेच करायचीस.

आज रविवार आहे. तुला जाऊन चोवीस दिवस झाले. मधले तीन रविवार मी पाकिटाला हात लावला नाही. पहिल्या रविवारी घरात पाहुणे होते, दुसऱ्या रविवारी तेराव्याच्या गडबडीचं निमित्त होतं, तिसऱ्या रविवारी काहीच निमित्त नव्हतं, नुसती हिंमत झाली नाही. हे फोडलं की आपल्या दोघांमधलं उघडायचं राहिलेलं काही उरत नाही. तोवर निदान एक रविवार शिल्लक आहे, असं मी स्वतःला समजावतोय. वेडेपणा आहे, मला कळतं.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं. एका गृहस्थांनी सांगितलं की तू आता तुझ्या आवडत्या ताऱ्यांमध्ये जाऊन बसली आहेस. मला हसू आवरेना. तुला तारे कधी आवडले? तुला आवडायचं ते ताऱ्यांना ओरबाडून खाणारं. मी मान खाली घालून हसत होतो. शेजारच्याला वाटलं हुंदका आला, त्यानं पाठीवर हात ठेवला. त्या हातानं मग खराच आला.

त्यांना आपलं काय सांगणार होतो मी? रायपूरजवळच्या उरला वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये छत्तीस वर्षं मशीनची धडधड ऐकणारा मी, आणि ब्लॅक होलचं संशोधन करणारी तू, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. माझं लग्न जमलं नाही, तुझं तू जमू दिलं नाहीस. आईच्या आजारपणात तू पुण्याची नोकरी सोडून रायपूरला आलीस, आई गेली आणि तू इथल्या कॉलेजात शिकवत इथेच राहिलीस. आपल्या मोहल्ल्यातल्या, ब्राह्मणपाऱ्यातल्या बायकांना कोडं पडायचं, हे दोघं भाऊबहीण रोज संध्याकाळी एवढ्या मोठ्या आवाजात बोलतात तरी काय? आपण भांडायचो. दुसरं काय!

सुरुवात मीच केली होती. तू आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, कूलरसमोर बसून मी विचारलं, "शरू, ते तुझं भोक काळं आहे ना? मग तुले दिसते कसं?"

"ते नाहीच दिसत, दादा. त्याच्यात जे पडून राहिलं, ते दिसते."

मग तू मला सगळं समजावलंस, आणि माझ्याशी बोलताना शिक्षकी आवाज काढायचा नाही हे तेव्हाच ठरलं. ब्लॅक होलच्या शेजारी एक तारा असतो. त्याच्यातला वायू ओढला जातो, पण तो थेट आत पडत नाही. भोवती चकतीसारखा फिरत राहतो, साचत राहतो. वर्षानुवर्षं बाहेरून काही कळत नाही. मग एक दिवस चकतीत जास्त माल होतो, तो भराभर आत सरकायला लागतो, एकमेकांवर घासून असा तापतो की त्यातून एक्स-रे निघतात. जे ठिकाण काल दिसतही नव्हतं ते काही दिवसांत आकाशातल्या ठळक जागांपैकी एक होतं. याला तू उद्रेक म्हणायचीस. हे एक्स-रे आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून वर फिरणारे उपग्रह ते मोजतात आणि त्यांचे आकडे तू या घरात बसून उतरवून घ्यायचीस.

"आन् तो उजेड एकसारखा नसतो," तू म्हणालीस, "थरथरतो."

तिथे मी सावरून बसलो. थरथर म्हटली की ती माझ्या खात्यातली. तू सांगितलंस की उद्रेक चढत असताना त्या थरथरीत एक ठेका उमटतो. आधी सावकाश, दहा सेकंदांत एखादा. मग दिवसागणिक जलद, सेकंदाला चार-पाच. आणि मग एकाएकी ठेका नाहीसा होतो. उजेड भरपूर, पण शांत. हे असं का होतं याच्यावर जगभरचे लोक भांडतायत, आणि त्यांच्यात एक तू.

मी म्हटलं, "यात भांडायचं काय? हा तर खराब बेअरिंगचा स्वभाव आहे."

"तुले सगळ्या जगात बेअरिंगच दिसते."

दिसणारच. पेचकसाचं टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय बिघडलंय ते मशीन स्वतः सांगतं. पुढे कंपनं मोजायची यंत्रं आली, पोरं लॅपटॉप घेऊन यायला लागली, तरी शेवटी माझाच कान मागायचे. निवृत्तीनंतरही गिअरबॉक्सनं आवाज केला की मिलमधून फोन यायचा. याचा मला गर्व होता आणि तो तुला ठाऊक होता. म्हणूनच तू तो कागद आणलास.

एक हातभर लांब पट्टी होती. शंभरेक ठिपके, रेषेनं जोडलेले. खाली आकडे नाहीत, बाजूला नाव नाही. "यात ठेका आहे का, सांग." मी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली, सहा उंचवट्यांवर सहा खुणा केल्या. "आहे. साफ आहे. शेवटचा जरा उशिरा पडला, बाकी बरोबर." तू जमिनीवर बसून हसलीस. त्या पट्टीत ब्लॅक होल नव्हतं, उद्रेक नव्हता, काहीच नव्हतं. कॉम्प्युटरला सांगून तू नुसता गोंगाट काढून घेतला होतास. फक्त त्यात पुढचा ठिपका मागच्याचा हात धरून चालत होता, फार लांब उडी मारत नव्हता. तेवढ्यानं लाटा दिसतात, म्हणालीस, पण त्या लाटांना वेळापत्रक नसतं. माणसाचा डोळा मात्र वेळापत्रक लावून मोकळा होतो.

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "अजून आण. खऱ्या आन् खोट्या मिसळून आण."

अशी आपली रविवारची रीत पडली. दहा पट्ट्या. काही खऱ्या ब्लॅक होलच्या, काही तू बनवलेल्या. मी मिलमध्ये न्यायचो तो दोन कप्प्यांचा जेवणाचा डबा मध्ये ठेवायचा. ठेका आहे ती पट्टी वरच्या डब्यात, नाही ती खालच्या. उत्तरं तू आधीच लिहून पाकिटात बंद केलेली. दहापैकी सात बरोबर आल्या तर चीला, आपलं तांदळाच्या पिठाचं धिरडं, तू करायचा, कमी आल्या तर मी. तुझ्या चील्यात गाठी असायच्या, तरी मी जिंकायला बसायचो. आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेत, अजून आहेत. सुरुवातीचे चार-पाच. मग सहा. मग सात, आठ.

तुझ्या मैत्रिणी हसायच्या, भावाला काय खेळायला बसवतेस म्हणून. तू त्यांना सांगितलेलं मी ऐकलं होतं, आतल्या खोलीतून. ठेका दिसावा म्हणून आपण सगळे आसुसलेले असतो, तू म्हणालीस, मला असा एक डोळा पाहिजे ज्याला समोर काय आहे हे माहीत नाही. हे मी कधी तुला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी मला मिलच्या निरोप समारंभापेक्षा जास्त बरं वाटलं होतं.

आता मुख्य भांडण. तुझं एक लाडकं ब्लॅक होल होतं, तीनदा उफाळलेलं. तिन्ही उद्रेकांमधलं अंतर जवळजवळ सारखं. मी बोटांवर मोजून चौथ्याचा महिना कपाटाच्या दारावर लिहून टाकला. तू म्हणालीस, "तीन ठेक्यांवर ताल ठरत नाही, दादा."

"काहून नाही ठरत? मिलमध्ये तीन ठोके ऐकले की मी मशीन बंद करायले लावतो."

"मशीन माणसानं बनवली आहे. हे आपल्या मर्जीनं भरते आन् आपल्या मर्जीनं सांडते."

तो महिना आला. तू माझ्या समाधानासाठी रोज पाहायचीस. काही झालं नाही. पुढचाही गेला. मी तो विषय बंद केला. आणि मग एका दुपारी मी वामकुक्षी करत असताना तू धावत आलीस, "दादा ऊठ! तुझी गाडी आली, सव्वा वर्ष लेट!" त्या आठवड्यात तू पन्नाशीची वाटतच नव्हतीस. जेवताना ताटाशेजारी लॅपटॉप. ठेका सकाळी किती होता, संध्याकाळी किती झाला, मला हाका मारून सांगायचीस. ज्या दिवशी तो थांबला त्या दिवशी गप्प झालीस. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, "काही नाही. आता ते शांतपणे जेवते."

नंतर तुझं हृदय दमायला लागलं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून तू बोलायला विषय काढायचीस, आणि मी मूर्ख, तिथे उभा राहून वाद घालायचो. तुला बोलायचं नव्हतं, श्वास घ्यायचा होता. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची मशीनं ऐकली आणि घरातली धाप मला ऐकू आली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे स्नायू कमजोर झालेत, औषधं चालू ठेवा, चढउतार होत राहील, पुढचं नक्की सांगता येत नाही.

'सांगता येत नाही' हे मला कधीच पचलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी एक आकडा लिहायला लागलो. "आज किती?" मी विचारायचो. शून्य म्हणजे फार वाईट, दहा म्हणजे पूर्वीसारखं. पहिल्या दिवशी म्हणालीस, "साडेसहा. प्राध्यापक आहो, अर्धा मार्क कापायचा हक्क आहे मले." तीन महिने झाले तेव्हा मी आलेखाचा कागद आणून सगळे आकडे मांडले. आणि मला दिसलं, शरू. तीन वेळा वर, तीन वेळा खाली. महिन्याचा ठेका. पंधरा-सोळा दिवस उतार, मग तितकेच दिवस चढ. आता उतार नुकताच सुरू झाला होता, म्हणजे दोन आठवड्यांत चढ येणार होता. मी कागद नाचवत तुझ्याकडे आलो.

तू कागद हातात घेऊन पाहिलास. मग हळू म्हणालीस, "दादा, आजचा आकडा कालच्याचा हात धरून चालते. लाटा दिसणारच."

"म्हणजे मी खोटं पाहून राहिलो?"

"तू खोटं नाही पाहत. तुले पाह्यचं आहे ते पाहून राहिला."

आणि मी ते वाक्य बोललो. फुलेश्वरी, आपल्याकडे कामाला येणारी, ओट्याशी उभी होती, तिच्यासमोर बोललो. "तुले बरं व्हायचंच नाही." तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू कागदाची नीट घडी घातलीस आणि माझ्या हातात दिलीस. त्या बोलण्याची माफी मी मागितली नाही. रोज उद्यावर ढकलली. तू संध्याकाळी आकडा सांगत राहिलीस, मी लिहीत राहिलो, आणि त्याखेरीज दहा दिवस आपण कामापुरतंच बोललो.

मग एका रविवारी तूच म्हणालीस, बऱ्याच दिवसांत पट्ट्या झाल्या नाहीत. फुलेश्वरीला प्रिंटर लावायला सांगितलंस. मला इतकं हलकं वाटलं की मी डबा दोनदा पुसला. तू खिडकीजवळच्या पलंगावर टेकून होतीस, मी टेबलाशी. दुपारचं ऊन कागदावर येत होतं. मला तुला हसवायचं होतं, म्हणून प्रत्येक पट्टीवर काहीबाही बोलत होतो. एक पट्टी पाहिली आणि बाजूला टाकत म्हटलं, "ही कोण्या गाढवानं बनवली? हिच्यात काहीच नाही. आंधळ्यालेही कळेल."

तू विचारलंस, "नीट पाहिली का?"

"पाह्यची गरजच नाही."

"बरं," म्हणालीस.

दहा झाल्यावर डबा मी तुझ्या हातात दिला. तू वरचा डबा पाहिलास, मग खालचा उघडून पट्ट्या एकेक सरकवल्यास, झाकण लावलंस. म्हटलं आता पाकीट फोड. तू म्हणालीस, "आज नको, दादा. थकली मी. पुढच्या रविवारी फोडू." मी विचारलं, आज किती? तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "सहा लिही." मी लिहिलं.

त्या आठवड्यात मिलमधून रोज फोन येत होता. गिअरबॉक्स आवाज करत होता. मी त्यांना गुरुवारचा वार दिला होता, कारण माझ्या कागदाप्रमाणे गुरुवारी चढ सुरू व्हायचा होता. सकाळी तू उठून बसली होतीस, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. मी बूट घातले, काढले, पुन्हा घातले. "जाऊ का?"

"जा ना. तुझ्या कागदावर आजचा दिवस चांगला आहे."

"म्हणजे मानलं ना शेवटी?"

तू हसलीस. "जा, दादा. पेचकस घेतला का?"

मी जिंकलेल्या माणसासारखा निघालो. स्कूटरवर बीरगांवपर्यंत ट्रकांची धूळ खात मी स्वतःशी गुणगुणत होतो, कारण तू मानलं होतंस. मिलमध्ये पोचलो, गिअरबॉक्सला पेचकस लावला, डोळे मिटले. खिशातला फोन थरथरत होता, शरू, आणि मी, थरथर ओळखणारा मी, ती थरथर मशीनची समजत होतो. बाहेर येऊन पाहिलं तेव्हा बारा वाजायला आले होते. फुलेश्वरीचे नऊ फोन येऊन गेले होते.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी फुलेश्वरी माझ्यासमोर येऊन बसली आणि रडत सांगायला लागली. "दीदी कहिस, भैया ल झन बलाबे, काम म हे. मैं नइ मानेंव भैया, तभो ले फोन करेंव." तुझा श्वास लागला, डॉक्टर यायला निघाले, तेव्हा तू तिला म्हणालीस की भैयाला बोलावू नकोस, तो कामात आहे. तिनं ऐकलं नाही म्हणून ती माझी माफी मागत होती. ज्याला उचलायचा होता त्यानंच नऊ वेळा उचलला नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट खातेय मला. मी नव्हतो, हे आहेच. पण त्याहून जास्त हे, की तू माझ्यावर विश्वास ठेवलास. आयुष्यभर पुराव्याशिवाय कुणाचं न ऐकणारी तू, शेवटच्या आठवड्यात माझ्या त्या खुळ्या कागदावर विसंबलीस, आणि त्यानं तुला दगा दिला. मी दिला. रोज सकाळी तो हसून म्हटलेला 'जा' आठवतो. घर इतकं शांत आहे की प्रिंटरचं बटण उगाच दाबून बघतो. संध्याकाळी सहा वाजता अजून तोंडातून निघतं, आज किती? कॅलेंडर मी उलटवलेलं नाही.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा फुलेश्वरी चहा घेऊन आली. तिनं पाकीट पाहिलं, मला पाहिलं. तिला आपला नियम सहा वर्षं ठाऊक आहे, तीच चहा करायची. म्हणाली, "दू झन लागथे न? मैं बइठथंव." दोन माणसं लागतात ना, मी बसते. आणि पदराला हात पुसून ती तुझ्या पलंगाच्या कडेला बसली. मग माझ्याकडे काही सबब उरली नाही.

फोडलं, शरू. तुझ्या सहीच्या मधोमध फाटलं.

डबा उघडून पट्ट्यांच्या मागचे आकडे ताडून पाहत गेलो. एक, खोटी. बरोबर होती माझी. दोन, खरी, उद्रेक चढतानाची. बरोबर. तीन बरोबर. चार खरी होती, मी खाली टाकली होती. पाच, सहा बरोबर. आणि सातच्या पुढे तू 'खरी' किंवा 'खोटी' लिहिलं नव्हतंस. पाच ओळी होत्या, बारीक अक्षरात.

'दादा, ही मी आहो. तुझ्या कॅलेंडरवरचे आकडे. शेवटाकडून सुरुवातीकडे छापले, म्हणजे तुले ओळखू नाही येणार. हिचं उत्तर माझ्यापाशी नाही. ओळखल्याबिगर तू काय म्हणतो ते पाह्यचं आहे. वरच्या डब्यात टाकली तर यापुढे वाद नाही, तुझंच खरं. मले तेच पाहिजे आहे.'

सातवी पट्टी खालच्या डब्यात होती. तीच, जिला मी गाढवानं बनवलेली म्हटलं होतं.

काय लिहिलंय ते फुलेश्वरीनं विचारलं, "का लिखे हे, भैया?" उरलेल्या तीन न ताडताच मी म्हटलं, "भैया जीत गिस. चीला दीदी के डहर." भैया जिंकला, चीला दीदीकडे. ती डोळे पुसत पुसत हसली आणि पीठ भिजवायला आत गेली. ती करेल आता, गाठी नसतील.

तर तू मानलं नव्हतंस. मी सांगितलेला चांगला दिवस तू एक क्षणही खरा धरला नव्हतास. त्या रविवारी मला तोंडावर सांगू शकली असतीस, बघ, तुझ्याच डोळ्यानं काय सांगितलं. तू झाकण लावलंस आणि थकल्याचं निमित्त केलंस. रविवार ते गुरुवार माझं उत्तर तू एकटीनं जवळ ठेवलंस, मला रोज आकडा लिहू दिलास, आणि पेचकस घेतला का म्हणून विचारलंस. मी समजत होतो मी तुला धीर देतोय. आणि तुलाही तेच हवं होतं, ठेका हवा होता, एवढं एकच वाक्य तू मला आधी तोंडानं का नाही सांगितलंस? मी भांडलो नसतो. तुझ्याशेजारी बसून राहिलो असतो, कागद न घेता.

तुले बरं व्हायचंच नाही, असं मी बोललो होतो. ते मी परत घेतो, शरू. फार उशीर झालाय, मला माहीत आहे.

आतून तव्याचा वास येतोय. आठ, नऊ, दहाही ताडून झाल्या. तिन्ही बरोबर आहेत. कपाटाच्या दारावर आठ लिहिलेत, नऊपैकी आठ. एकीचा आकडा लिहिलेला नाही. मघाशी ती पट्टी हातात घेतली होती. वरचा डबा उघडाच होता, खोलीत कुणी नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, हात तिकडे गेलाही होता. पण तू ते कधीच चालवून घेतलं नसतंस. म्हणून ती खिडकीशी उजेडात नेली, पुसलेल्या चष्म्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक ठिपका पाहिला, तुझा एकेक दिवस. सातवी खालच्या डब्यातच ठेवली आहे, शरू. या वेळी नीट पाहून ठेवली.